कोपर वर, की हात मांडीपाशी?

पावसाळा लागला की जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शालेय स्पर्धांची लगबग सुरू होते. कबड्डी, खो-खो, मैदानी खेळ यांच्या गर्दीत सॉफ्टबॉलचीही एक ओळ असते : 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुलगे आणि मुली. 1887 साली शिकागोतल्या एका बंदिस्त सभागृहात जन्मलेला हा खेळ खानदेशात आता नवखा राहिलेला नाही. जळगावने तर त्यात चांगलंच नाव कमावलंय. नंदुरबारचा संघ तालुका आणि जिल्हा पार करून नाशिक विभागाच्या स्पर्धेला गेला की समोर जळगाव नाही तर नाशिक उभं ठाकतं. तिथे पहिल्या दोन इनिंगमध्येच कळून चुकतं की बाकी सगळं खरं, पण सामना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, जिंकते नाही तर पिचर हरते.

ही पिचर घडवायची कशी, यावर मैदानाच्या कडेला वाद होतात. त्यातलाच एक इथे मांडतो. वादातले दोघं कुणी विशिष्ट नाहीत, मीच उभे केलेले आहेत. पण असे सर आणि अशी ताई कुठल्याही जिल्ह्यात सापडतील. सर धडगावकडच्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवतात, निवृत्तीला आलेत. ताई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. विद्यापीठाच्या संघातून खेळली आणि आता शहाद्यात मुलींना पिचिंग शिकवते.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. चेंडू खालून टाकायचा, हात कमरेच्या खालून यायला हवा. मोठ्या महिलांसाठी पिचिंग प्लेट आणि होम प्लेट यांच्यात 43 फूट, म्हणजे 13.11 मीटर अंतर असतं. पिचर हात डोक्यावरून पूर्ण गोल फिरवते, या शैलीला विंडमिल म्हणतात. नियमाने फेरा एकच. बॅटरच्या टप्प्यात नीट आलेला चेंडू स्ट्राइक, टप्प्याबाहेरचा बॉल; चार बॉल झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जाते, तो वॉक. क्रिकेटवाल्यांना ‘अंडरआर्म’ म्हटलं की 1981 साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडविरुद्ध जमिनीवरून घरंगळत सोडलेला तो लाजिरवाणा चेंडू आठवतो आणि हसू येतं. त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की अमेरिकेच्या मोनिका ॲबटने 2012 मध्ये असाच खालून टाकलेला चेंडू ताशी 124 किलोमीटर वेगाने गेला. तेवढ्या अंतरावरून तो खेळायला बॅटरला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही.

आता वाद.

सर : तुझ्या मुली बघितल्या काल. चेंडू सुटल्यावर हात लुळा पडल्यासारखा पोटावर येतो. मी तुला असं शिकवलं होतं का?

ताई : नाही सर. तुम्ही शिकवलं होतं, चेंडू सुटला की मनगट झटकायचं, तळहात वर आणि कोपर तोंडासमोर. ‘कोपराने कॅचरला नमस्कार कर’ म्हणायचात.

सर : आणि त्याच नमस्कारावर तू विद्यापीठापर्यंत पोचलीस.

ताई : पोचले खरी. पण मध्यंतरी माझाच जुना व्हिडिओ मोबाईलवर अगदी सावकाश करून बघितला. चेंडू सुटतो त्या क्षणी माझं कोपर बरगडीला चिकटलेलं आहे. हाताची कड मांडीला घासतेय, आणि पंजा आतल्या बाजूला वळतोय. नमस्कार होतो तो चेंडू गेल्यावर. तोवर चेंडू अर्ध्या वाटेत असतो. म्हणजे तुम्ही जे शिकवलंत ते मी चेंडू टाकून झाल्यावर करत होते, आणि टाकताना जे करत होते ते मला कुणीच शिकवलं नव्हतं.

सर : मग बिघडलं काय? तुझ्या हाताला जमलं ते इतरांच्याही जमेल.

ताई : ज्यांचा हात मुळात चांगला त्यांचं निभावतं. बाकीच्या तुमचं ऐकतात हो! हात वरून खाली येताना तळहात आधीच कॅचरकडे करून ठेवतात आणि शेवटी चेंडू ढकलतात. त्यात वेग कुठून यायचा? दंड बरगडीपाशी येऊन थबकला पाहिजे. तो थबकला की कोपराखालचा हात आपोआप पुढे फेकला जातो आणि मनगट त्याच्या मागून. ते मुद्दाम झटकावं लागत नाही.

इथे सरांनी एक उदाहरण काढलं आणि ते त्यांच्यावरच उलटलं.

सर : आमच्याकडच्या पोरांना हे दंड-बरगडी सांगायची गरज नाही. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला गोफण घेऊन माचाणावर बसलेली पोरं ती. गोफण फिरवताना कोण मनगटाचा विचार करतं?

ताई : तेच तर म्हणतेय! गोफणीतला दगड कुणी ढकलतं का? दोरी फिरते आणि ऐन क्षणी एक टोक सुटतं, बस्स. तुमच्या पोरी माचाणावर बरोबर करतात आणि मैदानावर आल्या की आपण त्यांना दगड ढकलायला शिकवतो.

सर हसले, पण मागे हटले नाहीत. त्यांचा पुढचा मुद्दा असा की शैली योग्य की अयोग्य हे एका मुलीपुरतं बोलता येतं. शाळेत बोलायचं ते वर्गापुरतं.

सर : हे बघ, माझ्याकडे चाळीस मुली, चेंडू पाच-सहा, त्यातल्या दोनांची शिवण उसवलेली. तासिका संपायला आली की स्वयंपाकघराची घंटा होते. प्रत्येकीच्या मांडीपाशी बसून हात कुठे घासतोय ते बघू? ‘कोपर वर!’ हे मी लांबून ओरडू शकतो. ते ऐकून पोरगी हात मध्येच अडवत नाही, पूर्ण फिरवते. आणि तालुक्याच्या सामन्यात होतं काय? वॉक, वॉक, वॉक. बॅटला चेंडू न लागता धावा होतात. जी पोरगी चार बॉलांच्या आत तीन स्ट्राइक टाकते तिचा संघ जिल्ह्याला जातो. मला वेग नको, मला स्ट्राइक हवा.

ताई : स्ट्राइकसाठीच सांगते. हात दर वेळी मांडीला त्याच जागी घासला तर चेंडूही दर वेळी त्याच जागी सुटतो. अंगापासून लांब हात नेऊन टाकणाऱ्या पोरीला चेंडू सोडायची खूणच सापडत नाही. एक डोक्यावरून जातो, दुसरा जमिनीवर आपटतो. आणि लांबून ओरडायचंच असेल तर ‘हात घास!’ ओरडा. तेही दोनच शब्द आहेत.

मुलींच्या हातावर याचा पुरावा दिसतो. रोज सराव करणाऱ्या पिचरच्या मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला, बोटभर रुंदीचा लालसर पट्टा उमटतो आणि ट्रॅकपँटची शिवण त्या बाजूला आधी झिजते. सरांनी तो पट्टा पाहून ‘हे काय लागलंय हिला’ म्हणून हळद लावायला सांगितलं होतं. ताईच्या लेखी तो पट्टा म्हणजे गृहपाठ केल्याची सही. मला विचाराल तर या पहिल्या वादात ताईचं पारडं जड आहे. मोठ्या पिचरांचं चित्रीकरण सावकाश पाहिलं तर तोंडाने मनगटाचा झटका सांगणाऱ्यांचे हातही मांडीपाशी आतच वळताना दिसतात. शिकवणारा सांगतो एक, अंग करतं दुसरं, हे फक्त सॉफ्टबॉलमध्येच होतं असंही नाही.

विंडमिल कधी शिकवायची यावर मात्र दोघांचं फार वाजलं नाही. सरांचं म्हणणं, लहान मुलीला आधी स्लिंगशॉट द्यावी. हात सरळ मागे न्यायचा आणि तसाच पुढे आणायचा, पूर्ण फेरा नाही. ती शैली जुनी, वेग कमी, पण चेंडू कुठे जातोय ते पोरीला कळतं. ताईचं म्हणणं, आधी मांडीजवळून नुसता चेंडू सोडायला शिकवावं, मग पाव फेरा, मग अर्धा, मग पूर्ण. उलट क्रमाने वाढवत न्यावं. नीट पाहिलं तर दोघं एकाच रस्त्याने निघाले आहेत. सर मध्यावर थांबतात, एवढाच फरक. अंतराचंही तसंच. अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुली 35 फुटांवरून टाकतात, बारा वर्षांखालच्या 40 फुटांवरून. चेंडूही सुरुवातीला 12 ऐवजी 11 इंच घेराचा देतात. आपल्याकडे सरावाला फक्की एकदा मारली की तीच रेघ सगळ्यांना, आणि सातवीतल्या मुलीच्या मुठीत न मावणारा चेंडू तिच्या हातात.

पायाबद्दल दोघं एकाच बाजूला होते. पिचरचा पुढचा पाय हा ब्रेक असतो. प्लेटवरून झेप घेऊन तो टेकला की अंग थांबतं आणि हात पुढे निसटतो. शहाद्याकडे काळी माती, भाद्रपदात तीत पाऊल टेकलं की वीतभर सरकतं. धडगावकडे मुरूम, तिथे अनवाणी पाय जोरात टेकवायला पोरगी कचरते. पाय कचरला की सगळा भार खांद्यावर. शिवाय प्लेटपुढे खड्डा पडतो. मग मागचा पाय प्लेट सोडून खड्ड्यात जातो आणि तिथून दुसऱ्यांदा रेटा घेतला जातो. हे नियमबाह्य आहे, पण तालुक्याला कुणी पकडत नाही आणि विभागाला गेल्यावर अंपायर पहिल्याच चेंडूला हात आडवा करतो. पोरगी रडवेली होते, कारण आपलं काय चुकलं हेच तिला ठाऊक नसतं.

खरी ठिणगी पडली ती खांद्यावरून.

सर : एक तरी मान्य कर, खालून टाकणं अंगाच्या चालीतलं आहे. क्रिकेटच्या पोरांचे खांदे जातात, पाठ जाते. सॉफ्टबॉलवाली दिवसभर टाकू शकते.

ताई : हे सगळ्यांनाच वाटतं, अमेरिकेतही वाटायचं. तिथे मुलांच्या बेसबॉलमध्ये लिटल लीगने 2007 पासून पिचरच्या चेंडूंवर मर्यादा घातली. मुलींना मात्र ‘खालून तर टाकतात, त्यांना काय होतंय’ म्हणून तशी मर्यादा घातली नाही. पण 2005 मध्येच तिथे 53 तरुण पिचरांची मोजमापं प्रसिद्ध झाली होती. हात फिरताना खांद्याच्या खोबणीतून तो बाहेर ओढला जातो. ती ओढ सरासरी शरीराच्या वजनाच्या 94 टक्के निघाली. आपली चाळीस किलोची पोरगी धरा. प्रत्येक चेंडूला तिच्या खांद्यावर साडेसदतीस किलोची ओढ.

सर : प्रत्येक चेंडूला?

ताई : प्रत्येक. आणि दंडाच्या पुढच्या स्नायूचं काम 2009 मध्ये तपासलं, तर वरून फेकण्यापेक्षा विंडमिलमध्ये ते दुप्पट निघालं. म्हणून पोरी खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून ‘इथे दुखतं’ म्हणतात. आपण तिथे बाम चोळतो.

सर : मग जपानची ती बाई? उएनो?

सरांना हे माहीत असणारच. पिचिंग शिकवणाऱ्यांमध्ये युकिको उएनोचं नाव दंतकथेसारखं घेतलं जातं. बीजिंग ऑलिंपिक, 2008. 20 ऑगस्टला तिने एकाच दिवसात दोन सामने टाकले, दोन्ही जादा इनिंगमध्ये गेले आणि तिचे चेंडू झाले 318. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी 95. दोन दिवसांत 413 चेंडू टाकून तिने अमेरिकेला 3-1 असं हरवलं.

ताई : आणि त्याच उएनोने टोकियोत, 2021 मध्ये, पुन्हा सुवर्ण जिंकलं ते कसं? एकोणचाळिसाव्या वर्षी, पण एकटीने नव्हे. अंतिम सामन्यात सहाव्या इनिंगमध्ये मिऊ गोतो आली, वीस वर्षांची पोरगी. उएनो बाहेर बसली, दम घेतला आणि सातव्या इनिंगला परत येऊन सामना संपवला. 413 चा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, गोतोचं नाव कुणी घेत नाही. जपानने धडा घेतला, आपण फक्त गोष्ट घेतली.

यावर सर गप्प बसले असते तर वाद इथेच संपला असता. पण त्यांनी जे उत्तर दिलं त्याला ताईच्या वाचनात जागा नव्हती.

सर : तुझे चेंडू मोजून ठेव. मी वेगळं मोजतो. पोरगी सकाळी काय खाऊन आली, ते. माझ्या निम्म्या मुलींच्या पापण्या आतून पांढऱ्या दिसतात. सिकलसेल आपल्या जिल्ह्यात आहे, हे तुला सांगायला नको. दोष नुसता अंगात वाहणारी पोरगी एरवी ठणठणीत दिसते, पण तिला उन्हात पाण्यावाचून दमवलं तर जिवावर बेतू शकतं. तुझ्या 53 जणींत अशी एक तरी होती का? त्यांच्यासाठी काढलेली मर्यादा माझ्या पोरीने पन्नासाव्या चेंडूलाच ओलांडलेली असेल. मी तिला थांबवतो तो आकडा बघून नाही. ओठ बघून थांबवतो.

ताई : थांबवता ना? मग दुसरी कोण टाकते?

सर : तिथेच तर अडतं. दुसरी पिचर तयार करत आणावी तोवर दिवाळी येते. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला गुजरातेत आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला पोरगीही त्यांच्याबरोबर. पुढच्या जूनला परत आली तर आली. उरते ती एकच. जिल्हा स्पर्धा एका दिवसात उरकायची असते. वॉकचा खेळ म्हटल्यावर एका इनिंगला वीस-पंचवीस चेंडू सहज. दिवसात तीन सामने झाले तर हिशेब तूच कर.

ताई : सामने लवकर आटोपले तरी अडीचशे-तीनशे. उएनोएवढे.

सर : हो, आणि तिच्यामागे उभ्या आठ जणी संघ पुढे जाण्याची वाट बघत असतात. राज्याला गेलो तर दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहेच. कधी कधी पोरगीच सांगते, ‘सर, दुखत नाही.’ तिला काय म्हणू? बस खाली?

ताई : नऊ जणींचे गुण एका खांद्यावर, असं झालं हे.

सर : झालं खरं. पण सांग, चूक कुणाची?

या प्रश्नाला ताईने लगेच उत्तर दिलं नाही, आणि ते मला आवडलं. शैलीच्या वादात पुस्तक, व्हिडिओ, आकडे उपयोगी पडतात. कोपर कुठे असावं हे ठरवता येतं आणि ते बहुतांशी ठरलेलं आहे. पण ‘ही आता पुरे, दुसरी टाकेल’ असं म्हणण्यासाठी दुसरी असावी लागते. ती नसण्याचं कारण पिचिंगच्या एकाही पुस्तकात नाही. ते ऊसतोडीला गुजरातेत नेणाऱ्या बारडोलीच्या रस्त्यावर आहे. सर चुकीची शैली शिकवतात, हे ताईचं म्हणणं खरं. तिची बरोबर शैलीही तिसऱ्या सामन्यातल्या दोनशेव्या चेंडूला टिकणार नाही, हे सरांचंही खरं. थकलेली पोरगी हात मांडीला घासत नाही, कोपर वर नेत नाही, नुसता चेंडू फेकते.

शेवटी बोलणं व्यवहारावर आलं.

ताई : सर, चाळीसपैकी दहा जणींना तरी मांडीजवळून चेंडू सोडायला शिकवा. फेरा नको, वेग नको. रोज पंधरा-वीस चेंडू, भिंतीवर टाकले तरी चालतील. दोघी ऊसतोडीला गेल्या तरी आठ उरतील. सामन्यात यातल्या कुणी दोन इनिंग ढकलल्या तरी पुरे.

सर : त्या वॉक देतील.

ताई : देतील. तुमची पहिली पिचरही तिसऱ्या सामन्यात देतेच की.

सर : हे मात्र खोटं नाही. पण मग संध्याकाळच्या खेळाच्या तासाला तू महिन्यातून एकदा वर यायचं. मला ते मांडीपाशी घासणं दाखवता येणार नाही, माझा हात इतकी वर्षं नमस्कारच करतोय.

ताई : येते. बदल्यात तुम्ही माझ्या मुलींना ओठ बघायला शिकवा. म्हणजे एकमेकींचे.

आता एक मागणी, ती या दोघांची नाही, माझी. अमेरिकेतले क्रीडावैद्यक दहा ते बारा वर्षांच्या मुलीला एका सामन्यात 65 आणि तेरा-चौदाच्या मुलीला 80 चेंडू पुरेत म्हणतात. आपल्या मुलींसाठी हा आकडा किती असावा हे डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी मिळून ठरवावं, कदाचित तो याहून कमीच निघेल. पण आधी मोजणं तरी सुरू व्हायला हवं. येत्या मोसमात तालुका आणि जिल्हा पातळीवर 14 वर्षांखालील मुलींच्या प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रकावर, पिचरच्या नावापुढे तिने टाकलेल्या चेंडूंची संख्या लिहावी आणि एकाच दिवसातल्या पुढच्या सामन्याआधी ती अंपायरने पाहावी. गुणलेखक प्रत्येक स्ट्राइक आणि बॉल टिपतोच. खाली बेरीज करायला निधी लागत नाही, शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही.